खाली नंबर आण्णांचा

मी बोलतोय, बायोडाटाच्या वर टाचणी मारून लावतात तो कागद. लोक मला अर्ज म्हणतात आणि न वाचता उलटतात. त्याची मला सवय आहे. पण माझी खरी माती केली ती घरच्यांनी, म्हणून आज तोंड उघडतोय.

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात संयोगितानं मला चार दिवस खपून मोबाइलवर लिहिलं. गावच्या दूध संस्थेत ती दोन वर्षं दूध तपासते. कोल्हापुरातल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत जागा निघाली होती आणि ती तिला मनापासून हवी होती. काय देखणा होतो हो मी तेव्हा! थंडीत वाडीवरून येणारं दूध गार पडतं आणि यंत्र फॅट चुकीची दाखवतं, हे तिनं ओळखलं होतं. सहा दिवस नमुने कोमट करून पुन्हा तपासले, वहीत लिहिले आणि सचिवांना पटवून दिलं. हे सगळं माझ्यात होतं, एक शब्दही फुगवलेला नव्हता.

मग मी तिच्या वडिलांच्या, आण्णांच्या हाती पडलो.

"ह्ये काय लिवलंयस?" आण्णा कडाडले. "केल्यालं काम काय सांगत बसलीस? कुणाची हाईस ते लिव्ह की आधी!"

झालं! माझ्यातून संयोगिता बाहेर आणि पावणंरावळं आत. मामा साखर कारखान्याचे संचालक, चुलत आजोबा माजी सरपंच, आत्याचे दीर कुठल्याशा बँकेत. यातल्या एकानं तरी दुधाचा नमुना कधी हातात धरलाय का? "आण्णा, फॅटची एक ओळ तरी ऱ्हाऊ द्या," असं ती काकुळतीला येऊन म्हणाली, तेव्हा कुठं ती एक ओळ बचावली. शेवटी तिचा नंबरही गेला.

"पोरीचा नंबर परक्याला कशाला? अर्जावर आन् बायोडाटावर, दोन्हीकडं माझा घाल."

डेअरीतल्या रोहिणी मॅडमनी मला वाचलं. पावण्यांची यादी बघून त्या हसल्या आणि मी शरमेनं मेलो. पण त्या एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "हे हिला कसं कळलं?" म्हणत त्यांनी तिथंच स्पीकरवर फोन लावला.

"संयोगिताला द्या जरा. गार दुधाचं विचारायचंय."

"तिला काय इचारताय मॅडम, मला इचारा की. आमचं पावणं..."

"तिलाच द्या."

"अवो, मी देतो की शब्द! पोरगी लई गुणाची हाय."

मागून आवाज आला, "आण्णा, द्या की फोन. मला सांगता येतंय."

"गप. मोठी माणसं बोलत्यात न्हवं!"

मॅडमनी फोन ठेवला. दुसरा नंबर शोधायला त्यांनी मला उलटून पाहिलं. नव्हताच तर सापडणार कुठून? माझ्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं, 'उमेदवाराशी बोलणं झालं नाही.'

ती बोलत होती हो! मी या कानांनी ऐकलं. माझं तर डोकंच फिरलं. पण कागदाचा संताप कुणाला दिसतो?

आता मी नाकारलेल्यांच्या गठ्ठ्यात पडून आहे. पोरींनो, अर्ज लिहाल तेव्हा आपलं काम आपल्या तोंडानं सांगा आणि कुणालाही ते खोडू देऊ नका.

आण्णा मात्र गावभर सांगत फिरत असतील, "मॅडम माझ्याशी बोलल्या. काम झालंच म्हणून समजा."