रॅलीच्या वाटेवरचा कौल

हर्षा झाडू उगारून धावली, तोवर पहिली मोटरसायकल भातावरून गेलेली होती. मागून दुसरी, मग तिसरी. पहाटे उठून उकडलेलं भात तिने अंगणात चटयांवर वाळत घातलं होतं, आणि त्याच्या मधोमध आता जाड टायरांचे पट्टे उमटले होते. तिन्ही गाड्या तुळशीपाशी जाऊन थांबल्या, थांबल्यावरही उगाच दोनदा गुरगुरल्या. पहिल्या गाडीवरच्या माणसाने हेल्मेट काढलं. तो तिचा धाकटा भाऊ, प्रज्योत.

"भात दिसलें ना तुका?"

"सॉरी ताई. उन्हात लक्षातच आलं नाही. चार दाणे चेपले तर काय होतंय?"

चार दाणे! हर्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दर डिसेंबरात समुद्रकाठी मोटरसायकलवाल्यांची तीन दिवसांची रॅली भरते, आणि तिच्यासाठी प्रज्योत पुण्याहून न चुकता येतो. आई न्हाणीत पडून कमरेचं हाड मोडून बसली, तेव्हा या माणसाला रजा मिळाली नव्हती. चतुर्थीला आला तो दीड दिवस, गणपती पाण्यात गेला की हा गाडीत. आजही तो घरी आला म्हणायचं ते तोंडदेखलं. त्यांचं धारगळ गाव रॅलीच्या वाटेवर पडतं, एवढंच.

त्याचे दोन मित्र अंगणाच्या कडेने फिरून मोबाइलवर फोटो काढत होते.

"हीच का रे साइट?" एकाने विचारलं.

"हीच. हा पुढचा भाग पाडायचा, गाड्या इथे लागतील. वर सहा खोल्या. हायवे दोन मिनिटांवर, विमानतळ वर मोप्याला. सगळे रायडर इथेच उतरतील बघ."

"आणि किचन?"

"ताई आहे ना."

हर्षाने झाडू खाली टाकला आणि ती आत निघून गेली. थांबली असती तर पाहुण्यांदेखत तोंडातून काय बाहेर पडलं असतं, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

हे घर पाडून मोटरसायकलवाल्यांसाठी लॉज काढायचं खूळ त्याच्या डोक्यात चतुर्थीपासून शिरलं होतं. कारापूरच्या सासरचा मार खाणं सोडून हर्षा माहेरी परत आली, त्याला दहा वर्षं झाली. बाबा गेले ते तिच्यासमोर. त्यानंतर शेत तिने पाहिलं, आईला तिने पाहिलं, पावसाआधी कौलं चाळायला माणसं तिने आणली. प्रज्योतने पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. पण गोव्याच्या कायद्यात मुलाइतकाच मुलीचाही वाटा, त्यामुळे तिच्या सहीशिवाय त्याचं घोडं अडलं होतं. दोनदा तिने सरळ नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा मध्ये आई पडली.

दोन्ही लेकरांमध्ये चेचून निघालेल्या आईने, सुमंगलाने, तिच्यापुरता मार्ग काढला होता, गावच्या सातेरी देवीला कौल लावायचा.

"सातेरी सांगता तें दोगांयनी मानपाचें," ती खाटेवरून म्हणाली होती. "माज्या हातार हात दवर, हर्षा. आनी ताका फोनार सांगूं दी."

हर्षाने एका क्षणात आईच्या हातावर हात ठेवला होता. तिला कसली भीती? दर शुक्रवारी देवीची ओटी ती भरायची, जत्रेआधी देऊळ ती सारवायची. देवी आपलीच, हे ती धरूनच चालली होती. प्रज्योतनेही फोनवर वचन दिलं. "घेऊ की कौल," तो हसत म्हणाला होता. "रॅलीला जाताना वाटेवरच आहे देऊळ."

आता तो आईच्या खाटेपाशी आला, वाकून पाया पडला, आणि सरळ होता होता त्याने घड्याळात बघितलं.

"जेवून वच रे," आई म्हणाली.

"संध्याकाळी ग्रुपची एंट्री आहे, आई. मित्र नाक्यावर थांबतील. कौल झाला की निघतो."

हर्षाने त्याच्या मागे बसायला नकार दिला. ती चालत निघाली, आणि तो पहिल्या गिअरमध्ये तिच्या शेजारून घरघरत येत राहिला. गाडीचा तोल जायला बघायचा, तो पाय टेकायचा, पुन्हा निघायचा. शेतावरच्या बायका कंबर सरळ करून ही वरात बघत होत्या.

"ताई, तू उगाच डोक्यात राख घालून घेतेस. तुला काय मी फुकट राबवणार आहे? पगार देईन. मॅनेजर म्हणून."

हर्षा थांबली.

"माज्याच घरांत माका पगार?"

"मग काय हवंय तुला?"

"माका कितें जाय तें तुवें आज विचारलें. दहा वर्सांनी."

ती पुन्हा देवळाच्या वाटेला लागली.

बाबली गुरवाने तयारी करून ठेवली होती. हर्षाच्या बाबांच्या वयाचा हा माणूस, सोवळं नेसून गाभाऱ्यात उभा होता. प्रज्योतला बूट काढायलाच केवढा वेळ लागला. गुडघ्यापर्यंतचे ते रायडिंगचे बूट, त्यांना नडगीवरून चार-चार पट्टे आणि बक्कल. पायरीवर बसून तो एकेक पट्टा चिडून ओढत होता.

गुरवाने पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या सातेरीच्या पाषाणी मूर्तीला दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवी सातेरी, तुजें लेंकरूं पुण्यासून आयलां. जुनें घर मोडून नवें बांदूंक सोदता. तुका मानता जाल्यार उजवी दी, ना जाल्यार डावी दी. कितेंय चुकलां-माकलां जाल्यार पदरांत घे."

समईची वात स्थिर होती. पाकळ्या हलेनात. प्रज्योतच्या खिशात फोन थरथरला, त्याने तो न बघता दाबला. पुन्हा थरथरला. हर्षा डोळ्याची पापणी न लववता मूर्तीकडे बघत होती. इतकी वर्षं तिने देवीकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आज मागत होती, तेही मागण्यासारखं नव्हे, हक्काने.

एक पाकळी हलली, घसरली आणि खाली पडली. प्रज्योतच्या डाव्या हाताच्या अंगाची.

"डावी," तो म्हणाला. "संपलं."

कौलात उजवी धरायची ती देवीची उजवी, आणि ती समोर उभ्या राहिलेल्याच्या डाव्या हाताला येते. धारगळातल्या शेंबड्या पोरालाही हे सांगावं लागत नाही. पडली होती ती उजवी. देवीने घर प्रज्योतला दिलं होतं, आणि पुण्यात राहून ही खूणच विसरल्याने त्याला ते कळलंच नव्हतं.

गुरव पाकळी तळव्यावर घेऊन डोळे मिटून देवीचे आभार मानत होता. ते पुरे होईपर्यंत तो कोणाशी बोलत नसे.

हर्षाचं तोंड उघडलंही होतं. आईच्या हातावर ठेवलेला हात तिला आठवला, आणि "थांब" हा शब्द अगदी ओठांवर आला होता.

"हे असंच होणार, मला माहीत होतं," प्रज्योत तिच्याकडे वळून दातओठ खात म्हणाला. "देऊळ तुझं, गुरव तुझा. काय पढवलंस त्याला? माझ्या घरात दहा वर्षं फुकट राहतेस, तीच आयुष्यभर राहायची सोय करून घेतलीस ना?"

आणि तो ताडताड बाहेर गेला.

फुकट. माझ्या घरात. आईचं अंथरूण धुताना, रात्री तिला कुशीवर वळवताना, बाबांच्या चितेसाठी माणसं गोळा करताना ती फुकट राहत होती! एवढा संताप तिला सासरच्या माणसांचाही कधी आला नव्हता.

गुरवाने डोळे उघडले.

"खंय गेलो तो? उजवी दिली मगे देवीन."

"भायर आसा."

"मागीर उलो मार ताका. अजून बुटां घालता तो."

ती हाक मारायला बाहेर आली. प्रज्योत पायरीवर बसून पट्टे आवळत होता. एक बूट झाला होता, दुसऱ्याचं बक्कल रागाच्या हातांना सापडत नव्हतं. हर्षा दोन पायऱ्या वर उभी राहिली. त्याच्या मानेवर उन्हाने काळपटलेला पट्टा होता. लहानपणी पडवीत बसवून हीच मान ती घासायची, आणि तो बोंबलायचा.

"प्रज्योत."

त्याने वर बघितलं नाही.

"आईला सांग, मी रॅलीवरून परस्पर पुण्याला जातो. आता त्या घरात माझं काही काम नाही."

"आई वाट बघतली."

"तू आहेस ना."

बक्कल लागलं. त्याने हेल्मेट चढवलं, गाडीला किक मारली. देवळाच्या दारातली कुत्री उठून भुंकत मागे धावली. मोटरसायकल आंब्याआड गेली, पण हायवेला लागेपर्यंत तिचा आवाज येत होता. हर्षा तो शेवटपर्यंत ऐकत राहिली.

ती आत आली तेव्हा गुरव तसाच उभा होता.

"सांगलें ताका?"

"पळयलां मगे ताणें. आपल्या दोळ्यांनी."

बाबली गुरवाने तिच्याकडे रोखून बघितलं. मग त्याने पाकळी ठेवलेला तळवा पुढे केला.

"बाय, मागीर हो प्रसाद कोणाक दिवूं?"

हर्षाने ओढणी डोक्यावरून घेतली आणि हात पुढे केला. देवीकडे मात्र तिला बघवेना.