हव म्हणण्याची रीत

भंडाऱ्याजवळच्या त्या कारखान्यात आधी मळणीयंत्राचे सुटे भाग व्हायचे. मग एका मोठ्या उद्योगसमूहाने तो विकत घेतला आणि फाटकावर समूहाची पाटी लागली. मिठापासून मोटारीपर्यंत सगळं विकणारा समूह; पोटात कंपन्या किती, हे त्यालाही चटकन सांगता आलं नसतं. पण नवं काही करून बघायला त्याच्याकडे पैसा होता, आणि भुपेंद्रला तोच हवा होता.

आसगावचा हा इंजिनिअर तिथे रोवण्याचं छोटं यंत्र बनवत होता. धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, उपटून चिखलात लावायची, तो रोवणा. बाजारातली यंत्रं अवाढव्य. आपल्याकडच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, लहान; चारी बाजूंनी धुरे, पाणी अडवणारे मातीचे बांध. त्यात ती वळतच नाहीत. भुपेंद्रचं यंत्र एकटी बाई ढकलू शके आणि ते जागच्या जागी वळे. त्याची आई शकुबाई जन्मभर वाकून रोवत आली होती, आता तिची कंबर सरळ होत नव्हती. येत्या हंगामात तुले वाकू देत नाई माय, असं तो तिला सांगून बसला होता. चाचणी झाली, यंत्र चाललं. फक्त वरून होकार यायचा राहिला होता.

मुंबईचे बक्षीसाहेब संगणकाच्या पडद्यावर आले. भुपेंद्रशेजारी फोरमन टेकचंद बसला होता. साहेब मोठं गोड बोलले. समूहाचीच दुसरी कंपनी परदेशी परवान्यावर रोवणीचं मोठं यंत्र काढतेय, मग घरातल्या घरात भांडण कशाला? छोट्या यंत्राचे नकाशे पुण्याच्या संशोधन केंद्रात नीट सांभाळून ठेवू. इथे मोठ्या यंत्राची चाकं करा.

प्रत्येक वाक्याला भुपेंद्र "हव... हव जी..." म्हणत होता. आता झाडीपट्टीतली रीतच अशी, की मोठा माणूस बोलत असला की त्याला मधे तोडायचं नाही आणि मुकंही बसायचं नाही. हव म्हणजे ऐकतोय, एवढंच. पटलं की नाही, ते मागून सांगायचं. भुपेंद्र आपल्या पाळीची वाट पाहत होता.

"तुम्ही लगेच मान्य केलंत, बरं वाटलं," साहेब म्हणाले, आणि पडदा काळा झाला.

टेकचंद उसळला. "हव काहून म्हणत होता बे?"

"मी तं ऐकून राहिलो होतो."

"त्यायले काय मालूम?"

फोन पुन्हा लावता आला असता. आज लावतो, उद्या लावतो म्हणत भुपेंद्रने तो लावला नाही. साहेबांना वाईट वाटेल, म्हणे! साहेबांना! भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

हंगामात मोठं यंत्र आसगावात आलं. ते दाखवायला माणूस कोण, तर गावचाच भुपेंद्र. कोणी बांधी देईना, म्हणून त्याने आईची मागितली. तिने दिली, पोराचंच यंत्र असेल असं तिला वाटलं होतं. ते पहिल्याच वळणावर धुऱ्याला अडलं. कंपनीचा माणूस म्हणाला, धुरा फोडा, दोन बांध्या एक करा.

"तुह्यं मशीन कुठी आहे?" शकुबाईने विचारलं.

भुपेंद्रने फावडं उचललं आणि धुरा फोडला. वरच्या बांधीचं पाणी धो धो खालच्या बांधीत गेलं, तिथे आईने कालच वाकून रोवलेलं धान त्यासोबत वाहून गेलं. यंत्र ऐटीत वळलं, फोटो निघाले आणि गाड्या निघून गेल्या.

शकुबाईने लुगडं खोचलं. हाताने चिखल लोटून ती धुऱ्याचं भगदाड बुजवू लागली. भुपेंद्रला रडू आवरेना. बूट काढून तो बांधीत पाय टाकणार, तोच ती वर न पाहता म्हणाली, "तू नोको उतरू बापू. तू आता कंपनीचा आहेस."