सहाव्या यंत्रावरची हजेरी

एकतीस साली वेणीमाधव कलकत्त्याहून मानसशास्त्राची एम. ए. आणि एक फार महागडं घड्याळ घेऊन सोलापुरात परतला. मामा गिरणीचे मॅनेजर, त्यामुळे प्रयोगाला माणसं फुकट. रीळ खात्यात सूत गुंडाळणाऱ्या बायका दोन दालनांत बसत. मी त्या खात्याचा हजेरी कारकून. कोण किती वेळा पाणी प्यायला उठते, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं माझ्या डोक्यात मांडलेलं असे.

त्यानं मला समजावलं, प्रयोग तीन जातींचे. एक बंद खोलीतला. दुसरा चालत्या कामातला, हा आपला. तिसरा कोणीच न मांडलेला; आपोआप घडतो, मागाहून फक्त नोंद सापडते. आपल्या प्रयोगात एका दालनाला भुताची गोष्ट सांगायची, दुसऱ्याला काहीच नाही, आणि दोन्हीकडे तुटलेले धागे मोजायचे. गोष्ट रचायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्याच्या मते थापा मारताना माझा चेहरा हलत नाही.

मी बेतानंच रचली. कोपऱ्यातल्या सहाव्या यंत्रावर पूर्वी एक बाई होती. हिरवं लुगडं, डाव्या मनगटावर गोंदलेला विंचू. कामावरच गेली. दुपारच्या भोंग्यानंतर अजून येऊन बसते.

चार दिवसांत त्या दालनात धागे दुपटीनं तुटू लागले. सहाव्या यंत्रावर कोणी बसेना; त्याच्यावर कुंकू आणि लिंबू दिसू लागलं. वेणीमाधव इतका खूश, की मलाही चहा पाजला.

पाचव्या दिवशी शिवबाई माझ्या टेबलापाशी आली. अक्कलकोटकडची, खात्यातली सर्वांत जुनी. अकरा वर्षांपूर्वी ती लेकीला शोधत आली आणि इथंच कामाला लागली. लेक पार्वतम्मा सासर सोडून गिरणीत आलेली, मग दिसेनाशी झालेली. शिवबाई रोज तिच्या वाटची एक भाकरी जास्त आणायची. बायका चेष्टा करायच्या; ती म्हणायची, जिती हाय, येईल की.

"पंत, त्या बाईचं गोंदण डाव्या हाताला हुतं?"

मी खरं सांगून टाकलं. सगळी थाप आहे, साहेबांचा खेळ आहे, मनाला लावून घेऊ नकोस.

"थाप तुमची आसंल. विंचू माज्या पोरीचा हाय. तुमी कुटं बगितला?"

मी उठलो. माळ्यावरून वीस सालचा हजेरीपट काढला. पार्वतम्मा, यंत्र सहा. मीच नाव लिहिलेलं. म्हणजे मी रचलं नव्हतं, मला आठवलं होतं.

शिवबाई पहिल्यांदा आली तो दिवसही आठवला. फाटकाशी उभ्या बाईला मी याच पटावर बोट ठेवून सांगितलं होतं, तुझी पोरगी रोज कामावर हजर आहे, तुलाच भेटायचं नसेल तिला. त्या भरवशावर ती आठवडाभर फाटकाशी बसली. पोलिसांकडे गेली नाही, विहिरी धुंडाळल्या नाहीत. मग मी म्हटलं, नाव कमी झालं, काम सोडून गेली.

आता त्या दिवसांवरून बोट फिरवलं. हजर, हजर, हजर. त्यात रविवारही होता. रविवारी गिरणी बंद.

त्या काळी मी चहाला जाताना सगळ्यांची आठवड्याची हजेरी आधीच भरून ठेवत असे. चेहरे बघायचे कशाला, सगळ्या येतातच.

"काय लिवलंय?" शिवबाईनं विचारलं.

मी सांगितलं. रविवारचंही सांगितलं. तिनं पट आपल्याकडे ओढून घेतला. वाचता येत नव्हतं तरी.

"म्हंजे म्या फाटकाशी बसले तवा ती हितं नव्हतीच."

"नव्हती."

"मग तिचा खाडा मांडा, पंत. माज्यासमोर."

मी सातही दिवसांवर खाडा मांडला. तिनं त्या दिवशीची भाकरी सहाव्या यंत्रावर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून आणली नाही.

वेणीमाधवनं आकडे घेऊन निबंध लिहिला. जुन्या पटात सापडलेला हा तिसऱ्या जातीचा प्रयोग मी त्याला कळवला नाही.

आता मी प्रत्येकीचा चेहरा बघून खूण करतो. सहाव्या यंत्रावर कोणी नसतं. तिथंही थांबतो, नीट बघतो, आणि मगच पुढं जातो. दुपारच्या भोंग्यानंतर मात्र तिकडे बघायचं टाळतो.