दगडातलं पडकं गाव

आर्नो नदीकाठच्या चुनाभट्टीवाल्यांचं ते सगळं गाव ओरेत्ताच्या दारासमोर गुडघे टेकून बसलं होतं आणि ओरेत्ता आत कोंडलेली होती. दाराला बाहेरून कडी, कडेवर लेक. खिडकीच्या गजांतून तिला फ्रा जेनोबिओ दिसत होता, चार दिवसांपूर्वी गावात उगवलेला भटका साधू.

त्याच्या हातात करडी फरशी होती. ती म्हणे ओरेत्ताच्या द्राक्षमळ्यात सापडली. त्याने मंतरलेलं पाणी शिंपडलं आणि फरशीवर पडके मनोरे, ढासळलेल्या भिंती, वर तांबूस आभाळ उमटलं.

"हे तुमचंच गाव. ही विधवा इथे राहिली तर असंच होणार. हिला मठात धाडा, पोरीला अनाथालयात. मळ्याचं ओझं काय, मी वाहीन."

केवढा हा त्याग.

"भाऊजी, लेक तोडणार माझ्यापासून?" ओरेत्ताने गजांतून विचारलं. तिचा दीर गास्पेरो खाली बघत म्हणाला, "वहिनी, गावापुढे माझं काय चालतंय?"

तेवढ्यात गावच्या पोरांना शिकवणारे अल्बिझो मास्तर गर्दीतून पुढे आले. "गास्पेरो, तुझ्या भट्टीच्या ढिगातले दोन दगड आण. तूच निवड."

"देवाची परीक्षा घेता?" साधू गरजला.

"देवाची कशाला? तुमची."

मास्तरांनी दगड फोडले, वाळू-पाणी घालून घासत बसले. ओरेत्ता गज धरून उभीच होती. शेवटी त्यांनी विहिरीचं साधं पाणी ओतलं. पडके मनोरे. दुसऱ्यातही तेच. वाळले की पुसट, भिजवले की ठळक.

"हा समुद्रतळाचा चिखल. दगड झाला, तडकला. तडे चुन्याने बुजले, त्यांच्या भिंती झाल्या. मग लोहाचं पाणी झिरपलं, प्रत्येक भिंतीशी अडलं. त्याचा रंग कुठे जास्त चढला, कुठे कमी. तेच तुमचे मनोरे. तुम्ही दगड फोडून थेट भट्टीत टाकता, घासून कोण बघतो? बापजाद्यांपासून असली गावं जाळताय. एक तरी घर पडलं?"

साधूने झोळी उचलली होती.

"डोळ्यांना दिसलं म्हणून खरं मानू नका. कसं झालं ते विचारा," मास्तर म्हणाले.

सगळे दगडांवर वाकून बघत राहिले.

"दगडात काय होतं ते कळलं ना?" गजांमागून ओरेत्ता म्हणाली. "मग भाऊजी, आता कडी काढा."