तीन विचारणा

लिफ्टमध्ये बिघाड काहीच नव्हता. दोर नवे होते, मोटर ठीक होती, वजनाची चाचणीही पार पडली होती. वार्षिक तपासणीच्या कागदावर निरीक्षकाची सही तेवढी व्हायची होती, आणि ती होईपर्यंत तळमजल्यावरच्या दाराला लाखेचं सील होतं. आज तेविसावा दिवस.

इमारतीतली बाकीची माणसं कुरकुरत जिना चढत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना मात्र चढता येत नव्हतं आणि उतरताही. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, म्हणून सगळी इमारत त्यांना बाई म्हणे. उजव्या नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. दवाखान्यातून आल्या तेव्हा लिफ्ट चालू होती. दुसऱ्याच दिवशी सील लागलं. खुर्चीत बसवून खाली न्यावं, तर जिना नव्वद सेंटीमीटर रुंद, आणि सरळ पुढे आलेला पाय वळणावर फिरणार नाही. हे त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला टेप घेऊन पाठवून मोजून घेतलं होतं.

उद्या दुपारी बाराला त्यांचे दादा शहर सोडून जाणार होते. दादा सत्त्याऐंशी वर्षांचे, चाकाच्या खुर्चीत, शहराच्या दुसऱ्या टोकाला वृद्धाश्रमात. मुलगा त्यांना आपल्याकडे नेणार होता. मोटारीने दोन दिवसांचा रस्ता. पुन्हा भेट व्हायची नाही हे बहीणभावांना माहीत होतं, आणि रोज फोनवर दोघं फक्त लिफ्टबद्दल बोलत होते.

"झाली का गं सही?"

"उद्या होईल म्हणतायत."

"कोण म्हणतंय?"

"हे."

'हे' म्हणजे बाईंचे यजमान. पाच वर्षं ते एका राज्याचे राज्यपाल होते, आणि इमारतीत अजूनही त्यांना साहेब म्हणत. तेवीस दिवसांत साहेबांनी दोन अर्ज केले होते, साध्या कागदावर, कुठेही 'माजी' न लिहिता. पदाचा वापर करणं तत्त्वात बसत नाही, असं ते बाईंना सांगत. खरं कारण वेगळं होतं. पद सोडून नऊ वर्षं झाली होती, फोन केला आणि पलीकडून "कोण बोलतंय?" आलं तर काय, ही भीती होती.

मंगळवारी सकाळी त्यांच्याच दिवाणखान्यात मुलाखत होती. विद्यापीठाच्या संग्रहासाठी तीन माजी राज्यपालांना एकत्र बसवून 'नेतृत्व आणि पदाची ताकद' यावर बोलतं करायचं होतं. साहेबांचे दोन सोबती चोपन्न पायऱ्या चढून आले. एक सैन्यातून आलेले, त्यांना सगळे जनरल म्हणत. दुसरे न्यायालयातून आलेले, ते जज्जसाहेब. जनरल चढून आले आणि दम लागला नाही हे दाखवण्यासाठी उभेच राहिले. जज्जसाहेब बसले आणि पाच मिनिटं कुणाशी बोलले नाहीत.

मुलाखत घेणारीने दोन माइक टेबलावर ठेवले. "पदाची ताकद म्हणजे नेमकं काय, हे तुम्हाला कधी जाणवलं?"

"आपण खोलीत शिरलो की लोक उभे राहतात, ती ताकद," जनरल म्हणाले. "आपण बाहेर गेलो तरी उभेच राहतात, ते नेतृत्व."

"बसा म्हणायचं विसरत असाल," आतल्या खोलीतून बाईंचा आवाज आला.

मुलाखत घेणारीने ओठ चावला. "आलं ते रेकॉर्डिंगमध्ये."

"राहू द्या," साहेब म्हणाले. "या घरातली ताकद कुठे आहे त्याचीही नोंद होऊ दे."

जज्जसाहेबांना आता श्वास सापडला होता. "मी पाच वर्षांत कुणालाही नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं की लोक भांडायला येतात. मी फाईल मागवून घ्यायचो. अभ्यासासाठी. मूळ कागद माझ्या टेबलावर आला की खालची टेबलं आपोआप थंड पडतात. सही करणार कशावर? एका पुलाची फाईल चौदा महिने माझ्याकडे होती."

"मग?"

"पूल झाला नाही."

जनरल मोठ्याने हसले. मुलाखत घेणारीने विचारलं, "तो व्हायला नको होता का?"

जज्जसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तसं काही होतं खरं. आता आठवत नाही."

मग साहेबांनी बाजू सावरली. "माझ्या वेळी असं होतं, की एक फोन केला की काम..."

"अहो, मग करा की तो एक!" आतून आवाज आला. या वेळी त्यात थट्टा नव्हती. "उद्या बाराला दादा निघतोय. तिघं-तिघं बसलात बाहेर. एक लिफ्ट हलत नाही तुमच्याच्याने?"

मुलाखत घेणारीने न सांगता यंत्र बंद केलं आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

सोबत्यांना लिफ्टची हकिगत आता कळली. "आधी बोलायचं नाही का!" जनरल म्हणाले आणि फोन काढून गॅलरीत गेले. जज्जसाहेब फोन घेऊन स्वयंपाकघरात शिरले आणि दार ओढून घेतलं. उरलं न्हाणीघर, तिथे साहेब गेले. कोण कुणाला फोन करतोय हे कुणी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, आणि सांगून पलीकडच्याने ओळखलं नसतं तर?

पण तिघांनाही ओळख मिळाली. साहेबांचा जुना सहायक आता प्रधान सचिव होता, तो "सर!" म्हणाला तेव्हा साहेबांना आरशात आपला चेहरा पाच वर्षांनी तरुण दिसला. जनरलनी मुख्य अभियंत्याला गाठलं. जज्जसाहेबांनी थेट मंत्र्यांच्या कार्यालयात.

"झालं समजा," गॅलरीतून येत जनरल म्हणाले.

"माझ्याकडूनही झालं," जज्जसाहेब म्हणाले.

साहेब आत जाऊन बाईंना म्हणाले, "संध्याकाळपर्यंत सुरू होतेय."

बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग दादांना फोन लावला. "दादा, उद्या सकाळी दहाला येते. हो, नक्की. तिघांनी सांगितलंय."

सव्वाचार वाजता सेक्रेटरी वर आला. धापा टाकत होता, पण चिडला होता जास्त.

"साहेब, तुम्ही कुणाला फोन केलात का?"

"का? झाली सही?"

"होणार होती! निरीक्षक मला सकाळी म्हणाला होता, चारला सही करतो, साडेचारला माणूस सील काढायला पाठवतो. तुम्हाला आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून मी बोललो नाही." त्याने कपाळाला हात लावला. "घ्या, तुम्हीच बोला त्याच्याशी."

निरीक्षकाचा आवाज थकलेला आणि अतिशय सभ्य होता. "साहेब, कागद माझ्याकडे नाही. पावणेएकला प्रधान सचिवांकडून विचारणा आली, मूळ कागद सादर करा. एकला मुख्य अभियंत्यांकडून, त्यांना मी छायाप्रत दिली. सव्वाला मंत्र्यांकडून. त्यांनी विलंबाचा खुलासा मागितलाय, आणि खुलासा होईपर्यंत पुढची कार्यवाही नको म्हणालेत."

"पण आम्ही सही लवकर व्हावी म्हणून..."

"तसं कागदावर लिहिलेलं नसतं, साहेब. कागदावर 'विचारणा' एवढंच असतं. अर्ध्या तासात तीन जागांवरून एकाच लिफ्टची विचारणा म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, असं वरचे धरून चालतात. आता मी सही केली तर म्हणतील, घाई का केली."

"उद्या सकाळपर्यंत काही..."

"मूळ कागद खाली आल्याशिवाय नाही. आठ-दहा दिवस धरा." मग जरा थांबून, "तुम्ही फोन केला नसता तर बरं झालं असतं, साहेब. राग मानू नका."

फोन स्पीकरवर होता. जनरल जज्जसाहेबांकडे वळले. "मंत्र्यांपर्यंत जायची काय गरज होती?"

"तुम्ही अभियंत्याला कशाला छेडलंत? आणि मी फाईल मागवली नाही, फक्त लक्ष घाला म्हटलं."

"मंत्र्याने लक्ष घालायचं म्हणजे फाईल मागवायचीच! सकाळी तुम्हीच शिकवत होतात."

"जनरल, आवाज कमी. ही छावणी नाही."

"दोघंही गप्प बसा," बाई म्हणाल्या. त्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं. "आणि घरी जा. जिना डाव्या हाताला आहे, उतरताना कठडा धरा."

ते गेले. साहेब दारात उभे राहिले. "मी पुन्हा प्रधान सचिवांना..."

"नको." बाईंनी तोंड भिंतीकडे केलं. "तेवीस दिवस मी 'उद्या' ऐकतेय. मला आधी सांगितलं असतंत की होणार नाही, तर मी दुसरं काही शोधलं असतं. तुम्हाला होणार नाही म्हणता येत नाही. खुर्ची गेली, ती सवय राहिली."



बुधवारी पावणेनऊला बाई जिन्याच्या तोंडाशी जमिनीवर बसल्या होत्या, पाय पुढे सरळ.

"अगं, डॉक्टर नको म्हणालेत."

"डॉक्टर बाराला निघत नाहीयेत. तुम्ही खाली व्हा आणि टाच धरा. मी 'हं' म्हटलं की एक पायरी. मध्ये बोलायचं नाही."

साहेब उलट्या पावलांनी उतरू लागले, प्लास्टरची टाच दोन्ही हातांत. बाई मागे हात टेकून, अंग उचलून, एकेक पायरी खाली सरकत होत्या. "हं." थांबायचं. "हं." वळणावर त्या बसल्या जागी फिरल्या, बसलेल्या माणसाचा पाय वळतो, खुर्चीतल्याचा वळत नाही. पहिल्या नऊ पायऱ्यांना अकरा मिनिटं लागली. बाईंनी घड्याळ पाहिलं. "असे सहा टप्पे. सहासष्ट मिनिटं, आणि विश्रांतीची दहा."

दुसऱ्या मजल्यावर साहेबांच्या पाठीतून कळ आली. "थांब जरा. एक फोन करून बघतो, शेवटचा..."

"त्या फोनला हात लावायला तुम्हाला टाच सोडावी लागेल."

त्यांनी सोडली नाही. पहिल्या मजल्यावरचा दंतवैद्य दार उघडून बाहेर आला, साहेबांना घामाघूम ओणवं बघून काही विचारणार होता, पण बाई म्हणाल्या "हं", आणि मिरवणूक पुढे सरकली. तळमजल्याला दहा वाजून सहा मिनिटं झाली होती. बाईंचे तळहात सोलवटले होते.

वृद्धाश्रमाच्या फाटकाशी त्या टॅक्सीने पोचल्या तेव्हा दादांना मोटारीत बसवून झालं होतं. त्यांना एकदा बसवायला अर्धा तास लागे, बाहेर काढणं शक्य नव्हतं. भाच्याने टॅक्सीवाल्याला दोन्ही गाड्या अगदी चिकटून उभ्या करायला लावल्या. दोन खिडक्या समोरासमोर आल्या. बाईंनी हात बाहेर काढला, दादांनी तो धरला.

"लिफ्ट झाली?"

"नाही."

"मग आलीस कशी?"

"बसून. चोपन्न पायऱ्या."

दादा हसायला लागले. "गच्चीवरून अशीच यायचीस. आई फ्रॉक शिवून शिवून थकली. आणि आमचे जावईबापू काय करत होते?"

"पाय धरत होते माझे."

"दोन्ही?"

"एकच. दुसरा शाबूत आहे."

पुढच्या सीटवर साहेब समोर बघत बसून राहिले. मागे पंचवीस मिनिटं ती दोघं बोलत होती. बरंचसं त्यांना कळलंही नाही, लहानपणची नावं होती. मग भाचा म्हणाला, "आत्या, निघायला हवं," आणि खिडक्या एकमेकींपासून सरकल्या.

खाली येता येतं, वर जाता येत नाही, हे इमारतीशी परत आल्यावर दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. एका पायावर, बसून, चोपन्न पायऱ्या अंग वर उचलायचं म्हणजे वेगळंच काम. सेक्रेटरीने तळमजल्यावरचं सोसायटीचं ऑफिस उघडून दिलं. तिथे खाट लावली. टेबलावरचे नोटिसांचे गठ्ठे बाजूला करून बाईंची औषधं ठेवली. समोरच लिफ्टचं दार होतं, सील अखंड. जे जे लागेल ते आणायला साहेब वर जात. चष्मा, उशी, चार्जर. पाचव्या खेपेनंतर त्यांनी मोजणं सोडलं.

गुरुवारी ते सचिवालयात गेले. जनरलनी विचारणा मागे घेत असल्याचं पत्र लगेच लिहून दिलं होतं. जज्जसाहेब म्हणाले होते, मसुदा पाठवा, बघतो. साहेबांचा स्वतःचा कागद तेवढा सोपा असेल असं त्यांना वाटलं होतं. प्रधान सचिव बैठकीत होते, बैठक दुपारी तीनपर्यंत चालणार होती. खिडकीवरच्या लिपिकाने नोंदवही उलटली.

"विचारणा मागे घ्यायची तर ज्यांनी केली त्यांचं पत्र लागतं."

"मीच केली."

"इथे 'माजी राज्यपाल यांचेकडून' असं आहे."

"तो मीच."

लिपिकाने मान वर केली. ओळख पटल्यासारखी दिसली, आणि त्याचा काही उपयोग नव्हता हेही दिसलं. "बरं. मग पत्र द्या. आवक विभाग तळमजल्यावर. तिथून चार दिवसांत वर येईल."

"मी तुमच्यासमोर उभा आहे. तोंडी सांगतोय."

"दिसताय ना. पण तोंडी कुठे नोंदवू?" तो खरोखरच विचारत होता. "तुम्ही पदावर होतात, तुम्हाला माहीतच असेल."

साहेबांना माहीत होतं. त्यांनी बाकावर बसून पत्र लिहिलं, तळमजल्यावर दिलं, पोच घेतली.

ते परत आले तेव्हा बाई खाटेवर बसून वहीच्या मागच्या पानावर काहीतरी मांडत होत्या. रात्रीच्या मुक्कामावरून आज सकाळी सातला निघालेली दादांची मोटार, ताशी पन्नास, जेवणाचा एक तास वजा.

"किती दिवस म्हणाले?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"चार. आणि जज्जसाहेबांनी दिलं तर. माझ्या हातात..." ते थांबले. "होणार नाही. निदान या आठवड्यात नाही."

बाईंनी पेन्सिल थांबवली. त्यांच्याकडे बघितलं. मग पुन्हा वहीत बघितलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "दादा आत्ता घाटात असेल, रेंज नसेल. चार वाजून वीस मिनिटांनी खाली उतरतील. तेव्हा फोन लागेल."

साहेब पोच हातात घेऊन नोटिसांच्या गठ्ठ्याशेजारी बसले. चारला दहा कमी होते.