बादलीतली काच

"काय लिहिलंय ते वाचून दाखवा तिला," अकोल्याहून तपासणीला आलेले साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद कंपाउंडर उकंडरावांच्या हातात दिला.

दवाखान्यात कामाला असलेली रामीबाई टेबलासमोर फरशीवर बसली होती. पट्टी बांधलेला उजवा हात तिने मांडीवर उताणा ठेवला होता. त्या पट्टीत आता तीनच बोटं होती.

उकंडरावांनी कागदावर नजर फिरवली. रामीबाईच्या तोंडी जबाब लिहिला होता : काच टाकण्यासाठी झाकणाचा वेगळा डबा दवाखान्यात होता, मी निष्काळजीपणे काच आणि पट्ट्या एकत्र केल्या, झाली ती चूक माझी.

त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला. "रामीबाई, यात लिवलं हाये का काच लागून तुया हाताले इजा झाली अन् अकोल्याले दोन बोटं काढा लागली."

"मंग बरोबर हाये," ती म्हणाली आणि तिने डावा अंगठा पुढे केला. शाई उकंडरावांनीच लावली.

जऊळक्याच्या स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या त्या लहानशा दवाखान्यात उकंडरावांना अकरा वर्षं झाली होती. एकोणीसशे सत्तावन्न साल होतं ते. अकरा वर्षांत त्यांच्या हातून औषधाचं माप कधी चुकलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी शंभरावर माणूस यायचं, पण कुणावर खेकसणं नाही, कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवणं नाही. पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायचं, तर आधी शुद्ध पाण्याची काचेची नळी फोडावी लागे. बारीक कानशीने ते तिच्या मानेवर एक रेघ ओढायचे, अंगठ्याने टक् करून मान मोडायचे आणि ती न बघताच पायाशी असलेल्या बादलीत टाकायचे. बादलीतच जखमांच्या पट्ट्या पडत. त्या पट्ट्या फेकून द्यायची सोय तेव्हा नव्हती. रामीबाई त्या हाताने वेचायची, धुवायची, उकळायची आणि वाळवून गुंडाळून ठेवायची.

तिने दोनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा हसत हसत. "कंपाउंडरसाब, काच अलग टाकत जा ना. माये हात काय लोखंडाचे हायेत?"

"हाव, हाव. एखांदा डबा पायतो," ते म्हणाले होते.

दुसऱ्यांदा तिने बोट दाखवलं होतं. टिपूसभर रक्त आलं होतं. उकंडरावांनी लगेच आयोडीन लावून दिलं आणि घरून डबा आणायचं मनाशी ठरवलं. घरी गेल्यावर विसरले. मग पोळा आला, मग हिवतापाची साथ आली.

याच सुमारास अकोल्याहून एक छापील तक्ता येऊ लागला होता. दर तीन महिन्यांनी दवाखानाभर फिरून पाहायचं आणि लिहायचं : कोणती गोष्ट धोक्याची, धोका कुणाला, उपाय काय केला. डॉक्टर हे काम उकंडरावांवर सोपवत, कारण त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. उकंडराव खुर्चीवरून न उठताच तक्ता भरायचे. न्हाणीची निसरडी पायरी : घासून घेतली. स्टोव्ह : दुरुस्त. फुटकी काच : झाकणाच्या वेगळ्या डब्यात टाकली जाते. लिहिताना त्यांना ते खोटं वाटतच नसे. डबा आज ना उद्या येणारच होता.

दिवाळीनंतरच्या एका बाजाराच्या दिवशी काच रामीबाईच्या तर्जनीत खोल रुतली. तिने ती उपसून काढली, हात धुतला आणि उरलेल्या पट्ट्या उकळल्या. तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. डॉक्टरांनी तिला रेल्वेने अकोल्याला पाठवलं. तिथे बोटं काढली म्हणून हात तरी वाचला.

ती अकोल्याला असतानाच उकंडरावांनी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आणला, झाकणाला भोक पाडलं आणि टेबलाखाली ठेवला. सगळ्याला मिळून पाव तासही लागला नाही. त्या पाव तासाने त्यांना जेवढं छळलं, तेवढं पुढे कशानेच छळलं नाही.

तपासणीच्या दिवशी रामीबाईला आत बोलावण्याआधी साहेबांनी तक्त्यांची फाइल उघडली. "तुम्ही तर लिहिलंय, डबा आहे म्हणून. होता ना?"

"हो," उकंडराव म्हणाले.

एवढंच. एका अक्षराचं उत्तर. साहेबांनी मग त्यावरून जबाब लिहून काढला.

उकंडरावांना वाटलं होतं, फाइल बंद होईल आणि ती बरी होऊन कामावर येईल. पण पंधरवड्यात हुकूम आला : निष्काळजीपणाबद्दल कामावरून कमी. रामीबाई आली, कोनाड्यातला आपला तांब्या घेतला, "येतो मंग," म्हणाली आणि बंजाऱ्यांच्या तांड्याकडे चालू लागली. उकंडरावांनी त्या वेळी तोंड औषधाच्या कपाटात घातलं होतं.

त्यानंतर त्यांची भाकरी ताटात तशीच राहू लागली. आठ दिवस बायकोने पाहिलं आणि मग विचारलं, "काहून जी, पोट दुखते का?"

त्यांनी तिला सगळं सांगितलं. रुख्मिणीने चुलीतली राख सारखी केली. "तिले लिवता-वाचता येत नाई," ती म्हणाली, "अन् तुमाले येते."

रविवारी सकाळी ते तांड्यावर गेले. दारात रामीबाईची मुलगी मोती लग्नाच्या घागऱ्यावर भरतकाम करत होती. रामीबाई शेजारी बसून तोंडाने शिकवत होती. "मागून काढ सुई. तशी नाई. आन इकडे..." म्हणून तिने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

उकंडराव उभे राहूनच बोलले. डबा नव्हता. तक्त्यात मी खोटं लिहिलं. साहेबांनी विचारलं तेव्हाही खोटंच सांगितलं. कागदावर चूक तुझी आहे असं होतं आणि मी तुला भलतंच वाचून दाखवलं.

मोतीची सुई थांबली. रामीबाईने आधी उकंडरावांकडे पाहिलं, मग आपल्या डाव्या अंगठ्याकडे.

"म्हंजे या आंगठ्यानं मीच मायावर आळ घेतला?"

उकंडरावांनी होकारार्थी मान हलवली.

"लोकं म्हनून राह्यले का रामीनं धांदल केली असन. मले बी तसंच वाटे. इतके साल हात घातला, तवा एवढं काई झालं नाई. मायीच नजर चुकली असन, असं रोज म्हनो मी सोताले."

"मले माफ कर, रामीबाई."

"मले कायले म्हनता?" तिचा आवाज चढला नाही. "ज्यायले खोटं सांगतलं, त्यायले जाऊन खरं सांगा."

त्याच दिवशी उकंडरावांनी अर्ज लिहिला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. "उकंडराव, हे गेलं की परत घेता येणार नाही. तुमच्या नोकरीवर बेतेल."

"पाठवा साहेब."

तपासणीच्या साहेबांनी त्यांना अकोल्याला बोलावलं आणि सगळं पुन्हा वदवून घेतलं. महिन्याने दोन हुकूम आले. उकंडरावांच्या नोंदवहीत ठपका आणि त्यांची मेळघाटाकडे बदली. रामीबाईवरचा दोष रद्द. मात्र हात अधू झाल्याने परत कामावर घेता येत नाही.

तिचा कागद द्यायला उकंडराव स्वतः गेले. उघडून वाचू लागले, तसा तिने डावा हात पुढे केला.

"ठेवा इथं. शाळेच्या गुरुजीकडून वाचून घेतो."

त्यांनी कागद घडी करून तिच्या हातावर ठेवला. तिचं बरोबरच होतं. घरी परतताना तीन मैलांच्या वाटेत त्यांनी ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं.

जायच्या आदल्या दिवशी बाजार होता. नवा कंपाउंडर सकाळीच हजर झाला. उकंडरावांनी त्याला खुर्चीवर बसू दिलं नाही. हाताला धरून दवाखानाभर फिरवलं. न्हाणीच्या पायरीवर त्याला स्वतः पाय ठेवायला लावला. स्टोव्हचा पंप दाखवला, एका खाटेचा डुगडुगणारा पाय हलवून दाखवला, टेबलाखालचा काच टाकायचा डबा आणि पट्ट्या वेचायला आणलेला चिमटा दाखवला. पोरगा मान डोलवत होता. त्याला हे सगळं जरा अतीच वाटत असावं.

खिडकी उघडली तेव्हा रांग पार लिंबाच्या झाडापर्यंत गेली होती. औषध देता देता उकंडरावांची नजर बाहेर गेली. रांगेत रामीबाई बसली होती, उजवा हात पदराखाली घेऊन. थंडीत काढलेल्या बोटांच्या जागी ठणका लागे, म्हणून आली असावी.

ते खिडकीतून वाकले. "रामीबाई, तू ये समोर. तुले कायची रांग?"

रांगेतली माणसं वळून पाहू लागली. कुणी सरकून वाटही करून दिली.

ती जागची हलली नाही. "मायी पाळी येऊ द्या," ती म्हणाली.

उकंडरावांनी पुढच्या माणसाची बाटली घेतली. रामीबाईच्या आधी एकोणीस जण होते.