हिंमतरावांची तुपाची पळी

मित्रांनो, जानेफळला हिंमतरावांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली, लांब दांड्याची जुनी पितळी पळी दिसली, तर ती मीच. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या आईने मला मेहकरच्या बाजारातून आणलं. माझं काम एकच, रोडग्यावर तूप वाढणं.

वांग्याची भाजी आणि गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे जाड रोडगे, अशी पंगत गावात कुठेही असो, हिंमतराव मला पंच्यात गुंडाळून निघत. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला की म्हणत, "हे पळी माह्या मायच्या नावाची." मग कोणाची बिशाद नाही म्हणायची? स्वतःच्या ताटातही ते तसंच ओतत. मला मिरवायला फार आवडायचं, खोटं कशाला सांगू.

त्यांची लेक प्रतीक्षा आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. गेल्या वर्षी शिबिरात तिने वडिलांचं रक्त तपासायला लावलं. कोलेस्टेरॉल भलतंच वाढलेलं निघालं. हिंमतराव हसले.

"अंगावर मांस नाही माह्या, अन् चरबी कुठून आली?"

"बारीक माणसाच्या रक्तातबी असते, बाबा. आजोबा पन्नाशीतच छातीत कळ येऊन गेले, इसरले का?"

डॉक्टरांनी रोजची गोळी दिली, तूप कमी करायला सांगितलं. तीन महिन्यांनी तपासणी चांगली आली आणि हिंमतरावांनी गुपचूप गोळ्या सोडल्या. गोळ्यांची पिशवी माझ्याच खिळ्यावर असायची. ती हलकी होत नव्हती. मला बोलता येत नाही, याचं तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं.

पुढे एका पंगतीत वाढता वाढता मी त्यांच्या हातून निसटले. छाती आवळून आली होती, सदरा घामाने भिजला होता.

"गॅस झाला असन. सोडा द्या," ते म्हणाले.

प्रतीक्षा तिथेच होती. तिने सोड्याची वाट पाहिली नाही, रुग्णवाहिका बोलावली. हृदयाची एक रक्तवाहिनी तुंबली होती. वेळेत पोचले म्हणून वाचले.

घरी आल्यावर त्यांच्या पत्नी सत्यभामाबाईंना पिशवीत भरलेल्या पट्ट्या सापडल्या. नवऱ्याला बोलायचं सोडून त्या रडतच बसल्या. प्रतीक्षाने मात्र शांतपणे विचारलं, "बाबा, वावरातल्या ठिबकच्या नळीत क्षार बसतात म्हणून तुमी ॲसिड सोडता. पानी बराबर पडते म्हणून ॲसिड कधी बंद केलं का?"

हिंमतरावांनी पिशवीतली एक पट्टी उचलली.

"ॲसिड सोडतो म्हणूनच तं बराबर पडते," ते हळूच म्हणाले आणि गोळीसाठी पाणी मागितलं.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा पंगतीत गेलो. मी अर्धीच भरले होते. त्यांचे जुने मित्र जानराव ताट पुढे करून म्हणाले, "हात काऊन आखडला? मायच्या नावाची पळी राह्यली ना."

"तिच्याच नावानं आखडला, जानराव. पुढच्या सालीबी तुले वाढाचं हाय."

जानरावांनी ताट मागे घेतलं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मोठ्यांचं रक्त तपासलं आहे का, एकदा विचारा. गोळी चालू असेल, तर ती डॉक्टरांना न विचारता बंद होऊ देऊ नका. मी आता अर्धीच भरते आणि माझ्या खिळ्यावरची पिशवी महिन्याच्या महिन्याला रिकामी होते.